अजिंठा आणि आधुनिक चित्रसमीक्षा

आधुनिक चित्र ‘भारतीय’ आहे की नाही, हे ठरवायला समीक्षकांनी वेळोवेळी अजिंठ्याची फूटपट्टी लावली. तिचे एक टोक वाशिमला आहे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील हरिषेणाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे करवून घेतले, असे तिथला शिलालेख सांगतो. काळ सामान्यतः पाचव्या शतकाचा उत्तरार्ध मानतात. नेमक्या वर्षांबद्दल एकमत नाही.

याच लेण्यात ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणून प्रसिद्ध झालेले चित्र आहे: मान कललेली, पापण्या अर्धवट मिटलेल्या, दासीने मागून सावरलेले. आता ती बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी असल्याचे मानतात. १८७२ ते १८८५ या काळात जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या प्रतिकृती करवून घेणाऱ्या ब्रिटिश चित्रकार जॉन ग्रिफिथ्स यांनी या चित्राची अपार स्तुती केली, पण कशी? रेखांकनात फ्लॉरेन्स सरस, रंगात व्हेनिस, भावदर्शनात मात्र हे चित्र दोघांनाही हार जात नाही, अशी. म्हणजे गौरव अजिंठ्याचा, माप युरोपचे. पुढे भारतीय चित्रपरंपरेचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्या पुनरुज्जीवनवाद्यांनी हीच भिंत युरोपविरुद्धचा पुरावा म्हणून उभी केली. एकच चित्र दोन उलट बाजूंची साक्ष देत असेल, तर निकाल चित्राने दिलेला नसतो, समीक्षकाने दिलेला असतो.

यावर आक्षेप असा, की आधुनिकांनी स्वतःच अजिंठ्याला गुरू मानले. अमृता शेरगिल यांनी १९३६ मध्ये मुंबईतील प्रदर्शनानंतर अजिंठा पाहिला आणि पुढच्याच वर्षी ‘ब्रह्मचारी’ रंगवले. खरे आहे. पण त्या चित्रात जातककथा नाही, अलंकरणही नाही. शेजारी शेजारी बसलेली सावळी अंगे, पांढरी धोतरे आणि त्यांतून बांधलेली रचना आहे. पॅरिसमध्ये शिकलेल्या नजरेने अजिंठ्यातून आकार उचलला, विषय नव्हे. समीक्षक कार्ल खंडालावाला यांनी शेरगिल यांची बाजू घेतली. त्यांच्या लेखनाचे महत्त्व हे, की शेरगिलच्या चित्रांकडे त्यांनी आधी चित्रे म्हणून पाहिले.

१९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने अकादमिक शैली व पुनरुज्जीवन दोन्ही नाकारली. त्यांना पहिला जाणकार आधार मिळाला तो रुडॉल्फ फॉन लायडन यांच्यासारख्या मुंबईत स्थायिक झालेल्या युरोपीय समीक्षकांचा. त्यामुळे ‘परके’ हा शिक्का मारणे विरोधकांना सोपे गेले. आश्रयदाता परका म्हणून चित्र परके ठरवायचे, तर ग्रिफिथ्सनी गौरवलेला अजिंठाही परका ठरेल.

आणि ‘परक्या’ ठरवलेल्या या ग्रुपच्या संस्थापकांपैकी हरी अंबादास गाडे तर वाशिम ज्या वऱ्हाडात आहे त्याच वऱ्हाडातील, तळेगाव दशासरचे.