गाव कुठलं?

चार्ल्स डार्विन आणि गॅलापागोस बेटांवरच्या फिंच पाखरांची गोष्ट आपल्या मुलांच्या पुस्तकात असते. बेटाबेटावर चोची वेगळ्या, त्या पाहिल्या आणि त्याला उत्क्रांती सुचली! गोष्ट सुटसुटीत आहे, पण घडलं तसं नाही.

सप्टेंबर १८३५ मध्ये ‘बीगल’ जहाज तिथं पोचलं. पाच आठवड्यांत डार्विन चार बेटांवर उतरला. पक्षी मारायचा, कातडं सोलून आत कापूस भरायचा, चिठ्ठी बांधायची, ही तेव्हाची रीत. (पाखरांना रोज दाणे टाकणाऱ्या आमच्यासारख्या घरातल्या बाईच्या अंगावर हे वाचताना काटा येतो. पण पुढचा सगळा इतिहास त्या कातड्यांवरच उभा आहे, त्याला काय करणार?) फिंचांच्या बाबतीत मात्र कुठला पक्षी कुठल्या बेटावरचा, हे त्यानं नीट लिहूनच ठेवलं नाही. कासवाची पाठ बघून बेट ओळखता येतं, असं तिथले उपगव्हर्नर लॉसन सांगत होते. तेही त्यानं तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

जानेवारी १८३७ मध्ये हे पक्षी लंडनला जॉन गूल्ड यांच्यापुढं आले. काहींना डार्विन भलत्याच कुळातले समजून बसला होता. गूल्डनी आठवड्याभरात सांगितलं, ही सगळी एकाच घराण्यातली पाखरं आहेत, आणि नवी आहेत. सगळ्यात जाड चोचीच्याला त्यांनी नाव दिलं जिओस्पायझा मॅग्निरोस्ट्रिस. ‘मॅग्निरोस्ट्रिस’ म्हणजे मोठ्या चोचीचा. या पाखरांची चित्रं दगडी छाप्यावर उतरवली ती त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी, मुलंबाळं सांभाळत. १८४१ मध्ये बाळंतपणानंतर त्या गेल्या.

ज्या नमुन्यावरून नाव ठेवतात, त्याला ‘टाइप’ म्हणतात. पुढं कुणाला शंका आली, तर त्याच कातड्याकडं यावं लागतं. आमच्याकडं सोयरीक जमवताना आधी मूळ गाव विचारतात ना, तसंच इथंही आहे. नावाबरोबर गाव लागतंच. आणि डार्विनकडं नेमकं तेच नव्हतं. मग धावाधाव! कॅप्टन फिट्झरॉय, त्यांचा नोकर फुलर आणि डार्विनचा स्वतःचा नोकर सिम्स कव्हिंग्टन यांनीही आपापले पक्षी जमवले होते, आणि त्यांच्याकडं बेटाची नोंद होती. हा कव्हिंग्टन जहाजावर आला तो फिडल वाजवणारा पोऱ्या म्हणून. सोलायचं शिकवलं डार्विननंच. मालक विसरला ते नोकरानं टिपून ठेवलं, हे मला फार आवडतं.

पुढं धनाढ्य वॉल्टर रॉथशिल्डनी तिथं माणसं पाठवली. १८९९ मध्ये त्यांनी आणि हार्टर्ट यांनी मिळून बेटागणिक बारीक फरक नोंदवले, नवी नावं दिली, उपजाती मांडल्या. १९३२ मध्ये पैशांची निकड लागली आणि त्यांचा बहुतेक पक्षीसंग्रह न्यूयॉर्कला गेला. ‘डार्विनचे फिंच’ हे नाव रूढ झालं तेही १९३६ नंतरच.

पण पहिल्या जाड चोचीवाल्याचं कोडं राहिलंच. ‘बीगल’वरून आलेल्या त्या पक्ष्यांएवढी मोठी चोच नंतर कुठल्याच बेटावर कुणाला सापडली नाही. फ्रँक सुलोवे यांनी १९८२ मध्ये सगळ्यांच्या चिठ्ठ्या, नोंदी पडताळून पाहिल्या, तेव्हा बोट वळलं ते फ्लोरियाना बेटाकडं. तिथल्या गुहांत डेव्हिड स्टेडमन यांना अशा पक्ष्यांची जुनी हाडं सापडली. त्या बेटावर १८३२ पासून वस्ती होती. माणसांबरोबर शेळ्या आल्या, गुरं आली, मांजरं आली. ज्या निवडुंगावर पाखरं जगायची, तो जनावरांनी फस्त केला.

नाव मात्र टिकलं. इतर बेटांवरचे त्याचे भाऊबंद त्याच नावानं ओळखले जातात आणि अजून कठीण बिया फोडतात. तो स्वतः इंग्लंडात ट्रिंगच्या संग्रहालयात, कपाटातल्या खणात आहे. त्याच्या गावात आता त्याचं कुणी नाही.