भिवंडीची मोहल्ला समिती : न घडलेल्या दंगलीचा इतिहास

इतिहास घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवतो. दंगल झाली, गोळीबार झाला, इतकी घरे जळाली, असे तो लिहून ठेवतो. परंतु जी दंगल होणार होती आणि झाली नाही, तिची नोंद कोणत्या वहीत करायची? तसे एक पान आपल्या शेजारच्या भिवंडी शहराने लिहून ठेवले आहे. आज वसई पालघर जिल्ह्यात आहे. पण २०१४ पर्यंत वसई आणि भिवंडी हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यातलेच होते. तरीही कामणच्या रस्त्याने तिकडे जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे पान ठाऊक असेल, याची शंका वाटते.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. मागांचा खडखडाट रात्रंदिवस चालू असतो. कोकणी मुसलमान, आगरी, उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली अशी नाना प्रकारची माणसे येथे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, हात तिसऱ्याचे, अशी येथील धंद्याची वीण आहे. आणि तरीही ही वीण दोनदा उसवली गेली. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्ताने दंगल उसळली. तिची चौकशी न्यायमूर्ती दिनशा मादन यांच्या आयोगाने केली. आयोगाच्या नोंदीनुसार एकट्या भिवंडी शहरात ७८ माणसे प्राणास मुकली. पोलिसांच्या पक्षपाती वर्तनावरही आयोगाने कठोर ताशेरे ओढले. पुढे मे १९८४ मध्ये पुन्हा आग भडकली आणि ती ठाणे व मुंबईपर्यंत पसरली. त्या वेळी या सर्व भागांत मिळून अडीचशेहून अधिक जीव गेले.

अशा गावात १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. अधिक शिपाई, अधिक लाठ्या आणि सणासुदीला अधिक बंदोबस्त, ही एक रुळलेली वाट. दुसरी वाट त्यांनी स्वतः शोधली. पोलीस आणि नागरिक यांची गाठ पडते ती एकतर गुन्हा घडल्यावर, नाहीतर दंगल पेटल्यावर. मग दोघांत विश्वास निर्माण व्हावा कसा? या प्रश्नातून मोहल्ला समितीचा जन्म झाला.

शांतता समित्या आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. सण जवळ आला की गावातील प्रतिष्ठित मंडळी पोलीस ठाण्यात जमतात, चहा घेतात, ऐक्यावर भाषणे करतात आणि घरी जातात. मोहल्ला समितीची घडण निराळी होती. शहराच्या वस्त्यावस्त्यांतून अशा सुमारे ७० समित्या उभ्या राहिल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा साध्या माणसांना स्थान होते, आणि हिंदू व मुसलमान सभासद एकत्र बसत. प्रत्येक समितीशी पोलीस दलातील माणूस जोडलेला असे. बैठकीत विषय निघत ते तुंबलेल्या गटाराचे, नळाच्या पाण्याचे, शेजाऱ्यांच्या भांडणाचे. हे विषय क्षुल्लक खरे. पण अशाच क्षुल्लक भांडणाला धर्माचा रंग चढला की त्याची दंगल होते. ते भांडण ओट्यावरच मिटले, तर चौकात पेटायला काही उरत नाही. शिवाय अफवा कानी आली, तर ती खरी की खोटी हे विचारायला ओळखीचा पोलीस जवळ होता. पोलिसालाही वस्तीतील माणसे नावानिशी ठाऊक झाली होती.

या प्रयोगाची कसोटी लागली ती ६ डिसेंबर १९९२ नंतर. अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. त्या डिसेंबर व जानेवारीत मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली, असे श्रीकृष्ण आयोगाने नमूद केले आहे. भिवंडी मात्र शांत राहिली. तोवर खोपडे यांची बदली झाली होती व गुलाबराव पोळ हे उपायुक्त होते. त्यांनी समित्या मोडीत काढल्या नाहीत, चालू ठेवल्या. नवा अधिकारी आला की जुन्याचे काम फडताळात जाते, हा आपल्या कारभाराचा नेहमीचा अनुभव. म्हणून या प्रयोगाच्या श्रेयात पोळ यांचाही वाटा मोठा आहे. खोपडे यांनी पुढे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या नावाचे पुस्तकच लिहिले.

मुंबईनेही हा धडा घेतला. दंगलीनंतर ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. १९८४ च्या दंगलीच्या वेळी रिबेरो हेच मुंबईचे पोलीस आयुक्त होते. दंगल आटोक्यात आणण्याचे ओझे ज्याने वाहिले, त्याने निवृत्तीनंतर दंगल होऊच नये म्हणून वस्त्यांतून फिरावे, ही गोष्ट आपल्या समाजाला अभिमानाची वाटावी अशी आहे.

परंतु कथा येथे संपवली, तर ती अर्धीच राहील. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत कबरस्तानालगत पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद चिघळला. पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक मरण पावले आणि त्यापाठोपाठ जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले. या वेळी दोन धर्मांतील माणसे एकमेकांवर धावून गेली नव्हती; वैर होते ते जनता आणि पोलीस यांच्यात. ज्या गावाने पोलिसाला बैठकीत शेजारी बसवले, त्याच गावात चार घरांतील चुली विझल्या.

यावरून प्रयोग फसला असे मी म्हणणार नाही. विश्वास ही एकदा बांधून मोकळे व्हावे अशी इमारत नाही. ती विहीर आहे. दरवर्षी गाळ काढला नाही, तर पाणी आटते. एक कर्तबगार अधिकारी विहीर खणून देईल, दुसरा तिची निगा राखील; पण अधिकारी बदलून जातात आणि वस्ती तेथेच राहते. गाळ उपसायचा तो वस्तीनेच.

आपल्या गावच्या पोलीस चौकीत आज कोण शिपाई आहे, त्याचे नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? आणि त्याला आपले?