दख्खन शेतकरी मदत कायदा (१८७९)

पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांतील कर्जबाजारी शेतकऱ्याला दिवाणी न्याय आवाक्यात यावा म्हणून ब्रिटिश सरकारने केलेला कायदा. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध उसळलेल्या दंग्यांची पार्श्वभूमी त्यास होती. हे सुपे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील (पुणे जिल्हा) असून पारनेर तालुक्यातील सुपा नव्हे. मात्र दंग्याचे लोण पारनेरपर्यंत पोचले.

दंगेखोरांचा रोख खतांवर, म्हणजे कर्जरोख्यांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली. त्यामागे न्यायव्यवस्थेचाच दोष होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली ती ऋणकोच्या हितासाठी. पण मुदत सरण्याआधीच सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत करून घेई, निरक्षर कुणबी त्याखाली नांगराची निशाणी करी, आणि पुढे दूरच्या कोर्टात जाण्याचे बळ नसल्याने तो गैरहजर राहून त्याच्यावर एकतर्फी हुकूमनामा होई.

नव्या कायद्याने खत हा अखेरचा पुरावा मानला नाही. व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासून मुद्दल व व्याज यांचा हिशेब वेगळा मांडण्याचे बंधन न्यायाधीशावर आले, आणि हेच या कायद्याचे खरे मोल होय. कर्जापायी दिवाणी तुरुंगात टाकणे बंद झाले. खास तारण न दिलेली जमीन जप्तीतून वगळली गेली. खत ग्रामनिबंधकासमोर करणे, लहान दावे गावच्या मुन्सफाने ऐकणे, दाव्यापूर्वी समेट घडवणाऱ्या पंचाकडे जाणे आणि किरकोळ दाव्यांत वकिलांना मज्जाव, अशाही तरतुदी होत्या. देखरेखीसाठी नेमलेल्या विशेष न्यायाधीशाचे पद पुढे न्या. महादेव गोविंद रानडे यांनी सांभाळले.

समेटाची योजना तितकीशी फळली नाही, कारण पंचासमोरचा कबुलीनामा कोर्टात दाखल होताच त्यास हुकूमनाम्याचे बळ मिळे आणि हिशेबाची छाननी टळे. गहाणावर कोर्टाची नजर बसताच सावकार खरेदीखताकडे वळले. तेव्हा अशा खरेदीमागे गहाणच आहे काय हे पाहण्याचा अधिकार कलम १०-अ घालून कोर्टास द्यावा लागला. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मधील कलम १८ याच जातीचे आहे: अवैध सावकारीत गेलेल्या जमिनीचे खरेदीखत दिवाणी दाव्याविना चौकशी करून रद्द ठरवण्याचा अधिकार ते जिल्हा निबंधकास देते.