घंगाळावरचं नाव

अध्यक्षांनी माझी ओळख 'तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक' अशी करून दिली, आणि विषय तर जाहीर झालाय ऑनलाइन घेतलेल्या जुन्या वस्तूंनी घर सजवण्याचा. त्या वेळी काही जणांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला इथून दिसलं. तेव्हा आधी खुलासा करतो.

गेल्या वर्षी आमच्या मुलाने नवा फ्लॅट घेतला. सूनबाईने ठरवलं, नवं सामान कमीत कमी घ्यायचं. आरसा, शिसवी टेबल, कंदील, सगळं मोबाइलवर शोधून, लोकांनी वापरलेलं आणलं. त्यात एक पितळी घंगाळ होतं. आता ते बैठकीच्या खोलीत असतं आणि त्यात मनी प्लांट लावलाय. मी बघायला गेलो तर काठाखाली ठिपक्यांच्या अक्षरांत नाव कोरलेलं दिसलं. 'सौ.', पुढे एका बाईंचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि 'शके १८६०'. म्हणजे १९३८-३९ साल. नाव इथे सांगत नाही; कुणाची तरी आजी आहे ती. सूनबाई म्हणाली, "बाबा, पॉलिशवाला म्हणतो, मशीन फिरवलं की नाव निघून जाईल. काढू का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. आज जे बोलणार आहे ते त्या उत्तराच्या खटपटीतून आलेलं आहे.

भांड्यावर नाव का घालत? एक कारण अगदी व्यवहारी. लग्नकार्याला, गावजेवणाला आळीतली भांडी गोळा व्हायची, आणि परत जाताना आपली परात आपल्या घरी जावी म्हणून नाव. दुसरं कारण आहेराचं: कुणी, कुणाला, कधी दिलं. पण याच भांड्याला आणखी एक बाजू होती, ती म्हणजे वजन. पितळ, तांबं ही घरातली ठेव होती. अडचण आली की भांडं मोडीत जायचं. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार आपण आज माणसांबद्दलही बिनदिक्कत वापरतो, पण मुळात तो तराजूपाशी घडणारा व्यवहार आहे. मोडीच्या दुकानात नावाला किंमत नसते, किलोला असते. म्हणजे एकाच घंगाळात दोन वस्तू राहत होत्या, एक नाव असलेली आणि एक वजन असलेली.

मग साठ-सत्तरच्या दशकांत स्टेनलेस स्टील घराघरांत आलं. पितळेच्या भांड्याला कल्हई लागायची, नाहीतर ताक, आमटी, चिंचेचं काहीही त्यात कळकायचं. कल्हईवाला यायचा, भाता लावायचा, नवसागराचा धूर व्हायचा, आणि कथलाचा हात फिरला की काळं भांडं चांदीसारखं व्हायचं. आम्ही मुलं तासन्‌तास बघत बसायचो. पण ज्या बाईला ते भांडं राखेने घासायचं होतं तिला विचारा! स्टील आलं आणि तिचे कष्ट कमी झाले. जुन्याबद्दल हळहळणारे बहुतेक पुरुष असतात, आणि त्यांनी ती भांडी घासलेली नसतात. मी स्वतःला यातून वगळत नाही.

गॅस आणि गिझर आल्यावर तांब्याचा बंबही गेला. आज तोच बंब दिवाणखान्यात कोपऱ्यात उभा असतो, वर पिवळा दिवा सोडलेला. न्हाणीघरात धुराने काळवंडलेल्या या गृहस्थाला पाहुण्यांत बसलेलं पाहून आमच्या आईला हसू आवरलं नसतं.

आईचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. १९७६ साली आम्ही वाड्यातली जागा सोडून दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये आलो. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. जागा नाही म्हणून पितळेचं पोतं सायकलला लावून मीच मोडीला नेलं. निघताना आई म्हणाली, "अरे, नाव तेवढं बघ हं." म्हणजे काय ते मी विचारलं नाही. घाई होती. दुकानदाराने तोललं, घट धरली, पैसे दिले, आणि मी तिथे उभा असतानाच पोरगा हातोडी घेऊन एकेक भांडं चेपायला लागला. चेपलं की जागा कमी लागते. आईचं नाव असलेली परात दुमडली ती मी पाहिली. त्या पैशांतून स्टीलचे डबे आले. आईने त्यांचं कौतुक केलं. त्या दुपारबद्दल ती पुन्हा बोलली नाही, मीही नाही.

यानंतर दहा वर्षांनी, १९८६ साली, एक लेखसंग्रह निघाला. आपल्या मुंबईत जन्मलेले अर्जुन अप्पादुराई त्याचे संपादक. त्यात इगोर कोपिटॉफ या मानववंशशास्त्रज्ञाचा लेख आहे. तो म्हणतो, माणसाचं जसं चरित्र लिहितो तसं वस्तूचंही लिहिता येतं. तो सुरुवात करतो गुलामापासून. माणूस पकडला, विकला, की त्या क्षणी तो माल असतो. पण विकत घेणाऱ्या घरात त्याला नवी ओळख, नवं स्थान मिळत जातं आणि तो निव्वळ माल राहत नाही. तरी पुन्हा विकला जाण्याची शक्यता संपत नाही. वस्तूंचंही तसंच आहे, ती मालपणात जाते आणि त्यातून बाहेर येते. हे वाचलं तेव्हा मला हायडेगर, कांट कोणी आठवलं नाही. तो हातोडीवाला पोरगा आठवला.

आता इंटरनेटकडे येतो. सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात पिएर ओमिदयार या तरुणाने लिलावाचं एक संकेतस्थळ काढलं, पुढे त्याचं ईबे झालं. तिथे सुरुवातीला विकलेली वस्तू होती मोडका लेझर पॉइंटर. १४ डॉलर ८३ सेंटला गेला! मोडका आहे हे माहीत आहे ना, असं त्याने गिऱ्हाइकाला विचारलं, तर गिऱ्हाईक म्हणालं, मी मोडकेच जमवतो. आमच्या मोडीच्या दुकानात हे शक्य नव्हतं. मोडक्याला मोडकं म्हणूनच हवं असणारा एक माणूस जगात कुठेतरी असतो, पण तो आणि ती वस्तू एका आळीत भेटत नाहीत. जाळ्यावर भेटतात.

पण अनोळखी माणसाकडून जुनं घ्यायचं तर भरवसा कसा ठेवायचा? जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन दाखवलं होतं की विकणाऱ्याला दोष माहीत आहेत आणि घेणाऱ्याला नाहीत, अशा बाजारातून चांगला माल हळूहळू नाहीसा होतो. (हा लेख आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. पुढे २००१ साली त्याच विचाराला नोबेल मिळालं. इथे बसलेल्या तरुण संशोधकांनी लक्षात ठेवावं.) ईबेने यावर उपाय काढला तो १९९६ मध्ये, देणाऱ्या-घेणाऱ्याने एकमेकांबद्दल चारचौघांत मत नोंदवायचं. आपल्याकडे मुंबईत २००० साली बाझी डॉट कॉम निघालं, २००४ मध्ये ते ईबेनेच विकत घेतलं. ओएलएक्स २००६ चं. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार सातही दिवस भरायला लागला.

इथे एक बदल झाला तो मला महत्त्वाचा वाटतो. मोडीत वस्तूची किंमत वजनावर होती, फोनवर ती फोटोवर आहे. खालच्या मांजऱ्या, भिंतीचा रंग, उजेड कुठून येतो, यावर घंगाळाचा भाव ठरतो. घंगाळ वाचलं, हे चांगलंच झालं. हातोडीपेक्षा मनी प्लांट बरा. पण तारे मिळतात ते विकणाऱ्याच्या वागण्याला. पॅकिंग उत्तम, माल वेळेवर. घंगाळ कुणाचं होतं, ते घर का मोडलं, हे त्या व्यवस्थेत कुणी विचारत नाही आणि विचारायला जागाही नाही.

काही बाबतीत हे न विचारणं परवडत नाही. चांदीचे टाक विकायला दिसतात. कुणाच्या तरी देव्हाऱ्यातले कुलदेवतेचे टाक, आणि खाली लिहिलेलं असतं 'वॉल डेकोर'. जुनी मूर्ती असेल तर कायदाही आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. घंगाळाच्या मागे कुणी सरकारी माणूस लागणार नाही. पण देवळातून गेलेला देव घरी कुरिअरने आला तर 'मला काय माहीत' हे उत्तर मला तरी पुरेसं वाटत नाही.

आणि विचारणारा माणूस आपल्याच गावात होऊन गेला. दिनकर केळकर, कवी अज्ञातवासी. दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, स्वयंपाकाची भांडी. ज्याला कुणी कला म्हणत नव्हतं ते त्यांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने आयुष्यभर जमवलं आणि १९७५ साली राज्य सरकारला देऊन टाकलं. त्या वास्तूला आपण 'राजा केळकर संग्रहालय' म्हणतो. राजा म्हणजे त्यांचा लहानपणी गेलेला मुलगा. शाळेच्या सहलीला मुलं जातात, मस्तानीचा महाल बघतात, बाहेर येऊन भेळ खातात. पाटीवरचं नाव कुणाचं, हे त्यांना एकदा तरी सांगा.

तर सूनबाईचा प्रश्न. मी तिला एवढंच म्हटलं, "अगं, आधी विकणाऱ्याला विचार तरी." तिने त्या अ‍ॅपवरच विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: वाईकडचं एक घर रिकामं केलं तेव्हा एकगठ्ठा घेतलं होतं, कुणाचं ते आठवत नाही. पुढे अंगठ्याचं चित्र.

नाव तिने काढलं नाही. पॉलिशवाल्याला बोलावलंच नाही. कुंडीतलं पाणी झिरपून काठाखाली पांढरे डाग पडतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी चिंच लावून स्वतः घासते. मागच्या रविवारी मी तिथेच होतो. अक्षरांपाशी आली की तिचा हात हलका होतो, कारण ठिपके आता उथळ झालेत, आणि 'सौ.'पुढचा ठिपका बोटाला लागतो की नाही, इतकाच उरलाय.

दहा मिनिटं आहेत. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.