टपाल तिकिटांचे बनावट छिद्रण

टपाल तिकिटे एकमेकांपासून सहज अलग करता यावीत म्हणून त्यांच्या दरम्यान पाडलेल्या बारीक छिद्रांच्या ओळींस छिद्रण म्हणतात. तिकिटांचा तक्ता कोणत्या यंत्रातून गेला याची खूण छिद्रणात राहते. म्हणून तिकिटाचे मुद्रणालय व काळ ठरविताना ते पुरावा मानले जाते. एकाच चित्राच्या दोन तिकिटांचे मोल केवळ छिद्रणामुळे अनेक पटींनी भिन्न असू शकते. बनावट छिद्रणाचा धंदा या फरकावरच पोसला गेला.

१८४० मधील पहिली ब्रिटिश तिकिटे कात्रीने कापावी लागत. हेन्‍री आर्चर याने छिद्रणयंत्र तयार केले. ब्रिटिश सरकारने त्याचे हक्क १८५३ मध्ये ४,००० पौंडांस विकत घेतले आणि १८५४ पासून छिद्रित तिकिटे नियमित निघू लागली. पॅरिसच्या डॉ. लग्रां यांनी १८६६ मध्ये दोन सेंमी. अंतरातील छिद्रे मोजण्याची पद्धत प्रचारात आणली. ती आजही रूढ आहे. आर्चरच्या १८५० मधील प्रायोगिक छिद्रणाची तिकिटे दुर्मिळ असून त्याच काळातील साधी एक पेनी तिकिटे मात्र विपुल आहेत. साहजिकच साध्या तिकिटांना नंतर छिद्रे पाडून ती आर्चरची म्हणून विकण्यात आली. खरी प्रायोगिक तिकिटे ठराविक मुद्रणपट्टांवरूनच छापलेली असल्यामुळे, पट्ट ओळखता आल्यास लबाडी उघडी पडते.

भारतात १८५२ ची सिंध डाक तिकिटे व १८५४ मध्ये कलकत्ता येथे शिळाछापाने छापलेली तिकिटे छिद्रविरहित होती; त्यांवर छिद्रे दिसल्यास ती सरकारी नव्हेत. लंडनच्या डी ला रू या संस्थेने छापलेली छिद्रित तिकिटे १८५५ मध्ये आली. नासिक येथील भारत प्रतिभूती मुद्रणालयात १९२६ पासून तिकिटे छापली जाऊ लागली. १९४८ ची गांधी-स्मारक तिकिटे मात्र स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली व त्यांचे छिद्रमान १११/२ आहे. याउलट, पोर्तुगीज अमदानीत गोव्यात १८७१ पासून स्थानिक रीतीने छापलेल्या तिकिटांचे छिद्रण मुळातच ओबडधोबड आहे. म्हणजे छिद्रांचा अनियमितपणा हा स्वतः बनावटीचा पुरावा ठरत नाही. तो त्या निर्गमाच्या ज्ञात यंत्राशी विसंगत असेल तरच संशयास्पद होय.

बनावटीचे तीन प्रमुख प्रकार आहेत : छिद्रविरहित किंवा सरळ कडेच्या तिकिटास छिद्रे पाडणे, छिद्रित कडा कापून तिकीट छिद्रविरहित भासविणे, आणि फाटलेली कड कापून तेथे नवे दात करणे. दुसऱ्या प्रकारापासून बचाव म्हणून छिद्रविरहित तिकिटांची न तोडलेली जोडी किंवा भरपूर रुंद समास यांचा आग्रह धरला जातो.

परीक्षेत प्रथम चारही बाजूंचे छिद्रमान मोजतात व निर्विवाद अस्सल नगाशी ताडून पाहतात. समोरासमोरच्या ओळी समांतर असाव्या लागतात. कड कापून पुन्हा छिद्रे पाडलेले तिकीट बहुधा मूळ मापापेक्षा अरुंद होते. एका ठोक्यात तिकिटाच्या तीन बाजू छिद्रित करणाऱ्या यंत्राने कोपरे नेटके येतात; एकेक ओळ पाडणाऱ्या यंत्राने ते विषम येतात. भिंगाखाली अस्सल दातांच्या टोकांस फाटलेल्या कागदाचे तंतू दिसतात, तर नंतर केलेले दात पुष्कळदा बोथट व एकसारखे कापलेले असतात. छिद्रांच्या आतली कड उरलेल्या कागदापेक्षा पांढरी असल्यास छेद अलीकडचा असण्याचा संभव असतो. जोडलेला कागद जंबुपार प्रकाशात अनेकदा वेगळा उमटतो. यांपैकी एखादी खूण एकटी निर्णायक नसते. कागद, जलचिन्ह, शाई व छिद्रण यांची परस्पर संगती लागणे आवश्यक असते. यासाठी लंडनच्या रॉयल फिलॅटेलिक सोसायटीची तज्ञ समिती १८९४ पासून तिकिटे तपासून अभिप्राय देत आली आहे.

लिफाफ्यावरील तिकिटाची साक्ष अधिक बळकट असते. टपालाचा शिक्का तिकिटाच्या कडेवर पडला, की छिद्रांतून शाई खालच्या कागदावर उतरते. तिकीट काढून, त्यास छिद्रे पाडून पुन्हा चिकटविले असेल, तर त्या छिद्रांखाली शाईचे ठिपके आढळत नाहीत व शिक्क्याच्या रेषा खंडित दिसतात. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या घरच्या जुन्या दप्तरात सापडलेल्या पत्राचे महत्त्व यामुळेच असते. त्यावरील तिकीट हौसेने भिजवून सोडविल्यास गाव, तारीख, मार्ग व छिद्रणाची साक्ष ही एकाच वेळी नष्ट होतात. बनावट करणारा पुराव्यात खोटी भर घालतो आणि अजाण संग्राहक खरा पुरावा पुसतो. टपालाच्या इतिहासाची हानी दोहोंमुळे होते.