सुट्टीतील बायबल शाळा

सुट्टीतील बायबल शाळा (व्हेकेशन बायबल स्कूल, संक्षेप : व्हीबीएस) हा शाळांच्या मोठ्या सुट्टीत ख्रिस्ती मंडळ्यांकडून मुलांसाठी चालवला जाणारा अल्प मुदतीचा धार्मिक शिक्षणाचा उपक्रम आहे. त्याचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. प्रामुख्याने प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये रूढ असलेला हा उपक्रम पुढे भारतासह अनेक देशांत पसरला. बायबलमधील कथा, गीते, वचनांचे पाठांतर, हस्तकला, खेळ व खाऊ हे त्याचे मुख्य घटक होत. वर्ग घेण्यापासून मुलांना स्वच्छतागृहात नेण्यापर्यंतची बहुतेक कामे मंडळीतील स्वयंसेवक विनामोबदला करतात. त्यामुळे या शाळेचा दर्जा आणि तेथील मुलांची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी स्वयंसेवकांची संख्या, निवड व तयारी यांवर अवलंबून असतात.

पूर्वपीठिका

इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये गरीब मुलांसाठी रविवारची शाळा सुरू केली. आठवडाभर काम करणाऱ्या मुलांना शिकण्यासाठी रविवार हाच मोकळा दिवस असे. या शाळांतील आरंभीच्या शिक्षकांना मोबदला मिळत असे. पुढे एकोणिसाव्या शतकात विनामोबदला शिकवण्याची पद्धत रूढ झाली. मराठी ख्रिस्ती समाजात अशा शाळेस 'शब्बाथ शाळा' किंवा 'संडे स्कूल' म्हणतात. १८६८ मध्ये जोसाया स्पायर्स यांनी वेल्समधील लँडडनो येथील समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीसाठी आलेल्या मुलांना एकत्र करून त्यांना बायबलची शिकवण दिली. सुट्टीच्या काळात मुलांसाठी झालेल्या धार्मिक कार्याचे हे एक आरंभीचे उदाहरण आहे.

इतिहास

अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील होपडेल या गावी १८९४ मध्ये डी. टी. माइल्स या शिक्षिकेने उन्हाळ्यात रोज भरणारी बायबल शाळा सुरू केली. रविवारच्या वर्गात मिळणारा वेळ त्यांना अपुरा वाटत होता. ही शाळा चार आठवडे चालली आणि तिच्यात ४० मुलांनी नाव नोंदवले. वर्ग गावातील शाळेत भरत, तर खेळासाठी शेजारच्या उद्यानाचा उपयोग केला जाई.

१८९८ मध्ये एलायझा हॉज यांनी न्यूयॉर्क शहराच्या पूर्व भागातील गरीब वस्तीतल्या मुलांसाठी 'दररोजची बायबल शाळा' सुरू केली. त्या एपिफनी बॅप्टिस्ट चर्चमधील बालविभागाच्या प्रमुख होत्या. शाळेसाठी त्यांनी एक मद्यगृह भाड्याने घेतले होते. त्यांच्या कार्याची माहिती मिळाल्यावर रॉबर्ट बोव्हिल यांनी ही कल्पना इतर बॅप्टिस्ट मंडळ्यांपुढे मांडली. त्यातून निघालेल्या शाळांमध्ये युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीचे विद्यार्थी शिकवीत. बोव्हिल यांनी १९२२ मध्ये या शाळांची जागतिक संघटना स्थापन केली.

विसाव्या शतकात प्रकाशनसंस्थांनी या उपक्रमासाठी तयार अभ्यासक्रम छापण्यास सुरुवात केली. दरवर्षी एखादा नवा विषय, त्यास अनुरूप गीते, सजावट, हस्तकलेचे साहित्य आणि शिक्षकांसाठी मार्गदर्शिका असा संच मंडळ्यांना विकत मिळू लागला. अध्यापनाचे प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीलाही वर्ग घेणे त्यामुळे शक्य झाले. आरंभी चार ते सहा आठवडे चालणारी शाळा कालांतराने आखूड होत गेली. आज अमेरिकेत ती सामान्यतः पाच दिवस, रोज सुमारे तीन तास भरते. २०२० मध्ये कोरोना साथीमुळे अनेक मंडळ्यांनी ती रद्द केली किंवा ऑनलाइन घेतली.

स्वरूप

मुलांचे गट वयानुसार पाडले जातात. साधारणपणे ३ ते ५ वर्षांच्या मुलांचा एक विभाग असतो आणि प्राथमिक शाळेतील मुलांचे इयत्तेनुसार गट असतात. दिवसाची सुरुवात सर्वांच्या एकत्रित गायनाने व प्रार्थनेने होते. त्यानंतर मोठ्या मुलांचे गट कथा, हस्तकला, खेळ व खाऊ यांच्या जागी आळीपाळीने जातात. अखेरच्या दिवशी पालकांसमोर गीते व नाटुकली सादर करण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे.

बालगटाची रचना वेगळी असते. या वयातील मुले एका जागी फार वेळ बसू शकत नाहीत आणि वारंवार जागा बदलल्यास गोंधळतात. म्हणून त्यांना बहुधा एकाच खोलीत, त्याच त्या स्वयंसेवकांकडे ठेवले जाते. कथा काही मिनिटांतच संपवली जाते. तिच्या आधी व नंतर हातवाऱ्यांची गाणी, ठोकळे, चिकणमाती किंवा रंगकाम असते.

स्वयंसेवक

स्वयंसेवकांमध्ये पालक, आजी-आजोबा, शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी व किशोरवयीन मुले यांचा समावेश असतो. वयोमर्यादा ओलांडल्यामुळे शाळेत बसता न येणारी मुले पुढील वर्षी साहाय्यक म्हणून परततात. अनेक मंडळ्यांत नेतृत्वाची पहिली संधी अशी मिळते. नोंदणी, कथाकथन, संगीत, खाऊ, प्रथमोपचार व सजावट अशी कामांची विभागणी असते. गटप्रमुख मात्र दिवसभर एकाच गटासोबत राहतो.

बालगटातील कामाचा मोठा भाग शिकवण्याचा नसून सांभाळण्याचा असतो. आईपासून दूर होताना रडणाऱ्या मुलास शांत करणे, अन्नपदार्थांच्या अॅलर्जीची नोंद पाहून खाऊ देणे, भांडणे सोडवणे आणि सुटताना मूल योग्य व्यक्तीच्याच हाती देणे ही कामे रोजची असतात. वर्गात किती मोठी माणसे हवीत, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. 'केअरिंग फॉर अवर चिल्ड्रन' या अमेरिकेतील बालसंगोपनाच्या राष्ट्रीय मानकांनुसार पाळणाघरांत ३ वर्षांच्या ७ मुलांमागे आणि ४ ते ५ वर्षांच्या ८ मुलांमागे एक प्रौढ असावा. ही मानके बायबल शाळांसाठी तयार केलेली नसली, तरी लहान मुलांना किती मनुष्यबळ लागते याचा अंदाज त्यांवरून येतो.

स्वयंसेवकांची उणीव हा या उपक्रमापुढील मोठा प्रश्न आहे. बार्ना ग्रुप या सर्वेक्षणसंस्थेच्या पाहणीनुसार अमेरिकेत ही शाळा भरवणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे प्रमाण १९९७ मध्ये ८१ टक्के होते. २०१२ मध्ये ते ६८ टक्क्यांवर आले. शाळा न भरवण्याच्या कारणांमध्ये शिक्षक व स्वयंसेवक न मिळणे हेही एक कारण होते.

बालकांची सुरक्षितता

मनुष्यबळ अपुरे असताना येईल त्याला काम देण्याचा मोह होतो. बालसंरक्षणाचे नियम नेमके याच ठिकाणी आवश्यक ठरतात. अनेक मंडळ्यांमध्ये स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासली जाते. कोणत्याही मुलाबरोबर एकच प्रौढ एकांतात असू नये, यासाठी प्रत्येक खोलीत किमान दोन प्रौढ ठेवण्याचा नियम पाळला जातो. खोलीचे दार उघडे ठेवणे किंवा दारास काच असणे, मूल व पालक यांना जुळणारे क्रमांक देणे आणि छायाचित्रांसाठी पालकांची लेखी संमती घेणे हेही प्रचलित उपाय आहेत. किशोरवयीन साहाय्यकांची गणना या दोन प्रौढांत केली जात नाही.

भारतात लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या किंवा तो घडण्याची शक्यता वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने ती बाब विशेष बाल पोलीस पथकास किंवा स्थानिक पोलिसांस कळवणे बंधनकारक आहे. काम विनामोबदला असले तरी स्वयंसेवक या कर्तव्यातून सुटत नाही. मंडळीच्या पाळकांना सांगितल्याने पोलिसांना कळवण्याचे कर्तव्य पूर्ण होत नाही. तसेच १८ वर्षांखालील साहाय्यक हा या कायद्याच्या दृष्टीने स्वतःही बालकच असतो.

टीका

लहान मुलांकडून धार्मिक निर्णयाची अपेक्षा करावी का, याविषयी ख्रिस्ती शिक्षणतज्ज्ञांमध्येही मतभेद आहेत. चार-पाच वर्षांचे मूल आवडत्या शिक्षकास खूश करण्यासाठी होकार देते, असा एक आक्षेप आहे. इतर कुटुंबांतील मुलेही शाळेत येत असल्याने धार्मिक शिकवणीची पूर्वकल्पना पालकांना स्पष्टपणे द्यावी, अशी अपेक्षा व्यक्त केली जाते.

तयार अभ्यासक्रमांवरही टीका झाली आहे. लाइफवे या प्रकाशनसंस्थेच्या २००४ च्या 'रिक्शॉ रॅली' या अभ्यासक्रमात आशियाई लोकांचे साचेबद्ध चित्रण असल्याचा आक्षेप आशियाई-अमेरिकन ख्रिस्ती नेत्यांनी घेतला. संस्थेचे अध्यक्ष थॉम रेनर यांनी २०१३ मध्ये त्याबद्दल क्षमा मागितली. छापील संच स्वयंसेवकाचे काम सोपे करतो. परंतु तो न तपासता वापरल्यास त्यातील दोषही थेट मुलांपर्यंत पोहोचतात.

भारतात

भारतात ही शाळा मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत, वार्षिक परीक्षांनंतर भरते. केरळ व तमिळनाडूत ती विशेष लोकप्रिय आहे. मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ती 'ओव्हीबीएस' या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात मराठी मंडळ्यांबरोबरच मुंबई-पुण्यातील मल्याळी व इंग्रजी भाषक मंडळ्याही ती भरवतात. उन्हाच्या तीव्रतेमुळे बहुतेक ठिकाणी वर्ग सकाळी घेतले जातात. गोव्यातील कॅथलिक समाजात मुलांच्या धर्मशिक्षणाची 'दोत्रीन' ही स्वतंत्र व जुनी परंपरा असून ती या शाळेपेक्षा वेगळी आहे.