पुस्तकाची किंमत, दुकानाची किंमत

चारशे रुपये छापील किमतीचे पुस्तक गावातील दुकानात चारशेलाच, फार तर दहा टक्के सुटीने मिळते. तेच घरबसल्या मागवले तर तीनशेच्या आसपास दारात येऊन पडते. मग दुकानाची पायरी का चढावी, असे घरातील तरुण मंडळी विचारतात तेव्हा आम्हा ज्येष्ठांचे उत्तर बहुधा भावनेचे असते. दुकानात पुस्तक हाताळता येते, दुकानदार ओळखीचा असतो, जुने संबंध असतात, असे आम्ही सांगतो. ही भावना खोटी नाही. परंतु हिशेबाच्या प्रश्नाला हिशेबानेच उत्तर दिले पाहिजे. हा हिशेब नवाही नाही. ग्रंथव्यापारात तो गेली पावणेदोनशे वर्षे मांडला जात आहे आणि निरनिराळ्या देशांनी त्याची निरनिराळी उत्तरे काढली आहेत. त्या उत्तरांचा धावता आढावा घेण्याचा येथे विचार आहे.

प्रारंभी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकाला दूरवरून पुस्तक मागवणे कधीच परके नव्हते. आपल्याकडे टपालखात्याने व्ही. पी. पद्धत १८७७ साली सुरू केली आणि मनीऑर्डर १८८० साली आली. व्ही. पी.ची सोय साधी होती. पोस्टमनने पुडके दारात आणावे, पैसे घ्यावेत आणि ते विक्रेत्याकडे पोहोचते करावेत. ग्राहकाला आधी पैसे गुंतवण्याची भीती नाही आणि विक्रेत्याला बुडण्याची भीती नाही. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्यासारख्या संस्थांची प्रकाशने बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरपर्यंत पोहोचण्यास अशा सोयींचा मोठाच आधार होता. पुढे २०१० साली ‘फ्लिपकार्ट’ने ‘वस्तू हाती आल्यावर पैसे’ ही योजना आणली तेव्हा तिचे अपूर्वाईने स्वागत झाले. आम्हाला मात्र त्यात १८७७ सालची व्ही. पी.च नवा पोशाख घालून आलेली दिसली.

म्हणजे घरपोच पुस्तक ही नवी गोष्ट नव्हे. नवी आहे ती सूट. व्ही. पी.ने येणारे पुस्तक दुकानातल्यापेक्षा स्वस्त नसे. टपालखर्च धरता ते महागच पडे. त्यामुळे टपाल आणि दुकान एकमेकांच्या मुळावर उठले नाहीत. जे दुकानात मिळत नसे ते टपालाने येई. किमतीची तफावत आली की मात्र चित्र पालटते. ते कसे, हे पाहण्यासाठी इंग्लंडकडे वळले पाहिजे, कारण या वादाचा दीर्घ व तपशीलवार इतिहास तेथे नोंदलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये खुल्या व्यापाराचे वारे वाहत होते. पुस्तकविक्रेत्यांनी आपसांत ठरवून किंमत बांधून घ्यावी की नाही, हा वाद १८५२ साली लॉर्ड कॅम्पबेल यांच्या लवादापुढे गेला आणि निकाल बंधनाच्या विरुद्ध लागला. त्यानंतर सुटीची चढाओढ सुरू झाली. शिलिंगामागे तीन पेन्स, म्हणजे पंचवीस टक्के सूट हा जणू रिवाजच होऊन बसला. वाचक काही काळ सुखावला. पण विक्रेत्याच्या हाती उरेनासे झाले. तो लवकर खपणारी पुस्तकेच ठेवू लागला, आणि पुस्तकासोबत स्टेशनरी व शोभेच्या वस्तू विकू लागला. तेव्हा फ्रेडरिक मॅकमिलन या प्रकाशकाने १८९० साली एक प्रयोग केला. ॲल्फ्रेड मार्शल यांचा अर्थशास्त्राच्या तत्त्वांवरील प्रसिद्ध ग्रंथ त्याने साडेबारा शिलिंग अशा ‘नेट’ किमतीला, म्हणजे सूट न देण्याच्या अटीवर बाजारात आणला. बाजारातील मागणी-पुरवठ्याचा पाठ्यग्रंथच बांधीव किमतीच्या प्रयोगासाठी निवडला गेला, हा योगायोग मौजेचा आहे. या प्रयोगातून ‘नेट बुक ॲग्रीमेंट’ हा करार निघाला आणि १ जानेवारी १९०० पासून अमलात आला.

करारावर पहिला हल्ला १९०५ साली ‘टाइम्स’ या वृत्तपत्राने केला. खप वाढवण्यासाठी त्याने ग्रंथमंडळ काढले आणि वाचून परत आलेली जवळजवळ नवी पुस्तके तो मोठ्या सुटीने विकू लागला. तीन वर्षे हे ‘ग्रंथयुद्ध’ चालले आणि १९०८ साली, वृत्तपत्राची मालकी लॉर्ड नॉर्थक्लिफ यांच्याकडे गेल्यावर, ‘टाइम्स’ला नमते घ्यावे लागले. दुसरी कसोटी १९६२ साली आली. व्यापारातील संगनमताला मुळात प्रतिकूल असलेल्या न्यायालयापुढे हा करार तपासला गेला. करार रद्द झाला तर साठा ठेवणारी दुकाने कमी होतील, पुस्तके एकंदरीत महाग होतील आणि कमी पुस्तके प्रकाशित होतील, असे न्यायालयाने मानले व करार उचलून धरला. ‘साठा ठेवणारी’ हा शब्दप्रयोग वाचकांनी ध्यानात ठेवावा. सर्व प्रश्नाची किल्ली त्यात आहे.

पुस्तकविक्रेत्याचा धंदा इतर किराणा-कापडाच्या धंद्यापेक्षा वेगळा का, याचे उत्तर त्याच्या मागच्या फळीवर असते. दर्शनी भागातील पंचवीस-तीस पुस्तके भराभर खपतात. मागच्या फळीवरील एखादा कोश, एखादा टीकाग्रंथ, एखाद्या अल्पपरिचित कवीचा संग्रह दोन-दोन वर्षे हलत नाही. त्यात दुकानदाराचे भांडवल अडकलेले असते आणि त्या जागेचे भाडेही चालू असते. पुढच्या पुस्तकांच्या नफ्यावर मागची फळी जगते. सुटीने विकणारा मोठा व्यापारी नेमकी पुढचीच पंचवीस पुस्तके उचलतो, कारण सूट देऊन खप वाढतो तो त्यांचाच. पुढचा नफा गेला की मागची फळी आपोआप रिकामी होते. दुकान बंद पडण्याच्या पुष्कळ आधी ते आतून पोकळ झालेले असते.

इंग्लंडमध्ये १९९५ च्या सप्टेंबरात मोठ्या प्रकाशकांनी करारातून अंग काढून घेतले आणि तो कोसळला. १९९७ साली न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. १९९५ च्याच जुलैत अमेरिकेत ‘ॲमेझॉन’ने महाजालावर पुस्तके विकण्यास आरंभ केला होता. तथापि इंग्लंडमधील पहिला आघात संगणकाने केला नाही, तो वाणसामानाच्या मोठमोठ्या दुकानांनी केला. २००७ च्या जुलैत हॅरी पॉटर मालिकेतील शेवटचे पुस्तक आले. छापील किंमत १७ पौंड ९९ पेन्स. ‘ॲस्डा’ने ते ५ पौंडांना विकले. छोट्या विक्रेत्याला ते घाऊकीतही त्या भावात मिळत नव्हते. १९९५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये सुमारे १,९०० स्वतंत्र ग्रंथदालने होती. २०१६ साली त्यांची संख्या ८६७ वर आली. पुढे ती पुन्हा चढू लागली आणि २०२२ साली हजाराच्या वर गेली, हेही नमूद केले पाहिजे. लेखक-वाचक भेटी, मुलांसाठी वाचन, निवडीचा सल्ला असे जे महाजालावर मिळत नाही ते देणारी दुकाने वाचकांनी पुन्हा जवळ केली.

फ्रान्सने दुसरी वाट धरली. तेथे १९७४ साली ‘फ्नाक’ या मोठ्या व्यापारी संस्थेने पॅरिसमध्ये २० टक्के सुटीने पुस्तके विकण्यास सुरुवात केली. जेरोम लँदाँ या प्रकाशकाने त्याविरुद्ध लोकमत जागवले आणि १० ऑगस्ट १९८१ रोजी सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा संमत झाला. किंमत प्रकाशक ठरवील आणि कोणताही विक्रेता तीवर ५ टक्क्यांहून अधिक सूट देणार नाही, असा तो कायदा. पुढे महाजालावरील विक्रेत्यांनी ५ टक्के सूट आणि वर फुकट घरपोच अशी युक्ती काढली, तेव्हा २०१४ साली या दोहोंची जोडी कायद्याने तोडण्यात आली. त्यावर ‘ॲमेझॉन’ने घरपोच पाठवणीचा आकार एक सेंटीम ठेवला! अखेर २०२१ च्या कायद्यानुसार, ऑक्टोबर २०२३ पासून, ३५ युरोंपेक्षा कमी खरेदीवर किमान ३ युरो पाठवणी आकारणे बंधनकारक झाले. कायदा आणि व्यापारी यांची ही शर्यत आमच्यासारख्या माजी शासकीय सेवकास ओळखीची वाटते. पळवाट शोधणारा नेहमी एक पाऊल पुढे असतो. पण कायदा मागून का होईना, येत राहिला.

या फ्रेंच कायद्याच्या इतिहासातील एक छोटे कलम आम्हाला विशेष बोचले. २००३ साली तेथे सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावयाच्या सुटीवरही मर्यादा घालण्यात आली आणि ती पुढे ९ टक्क्यांवर स्थिरावली. ग्रंथालयांनी चढत्या सुटीने पुस्तके घेतली की गावातील विक्रेत्याचा मोठा गिऱ्हाईक हातचा जातो, हे तेथील धोरणकर्त्यांनी ओळखले होते. आम्ही ते ओळखले नव्हते. शासकीय सेवेत असताना ग्रंथखरेदीच्या एका समितीवर आम्ही काही वर्षे होतो. दरपत्रके मागवावीत, सर्वाधिक सूट देणाऱ्यास पुरवठ्याचा आदेश द्यावा, लेखापरीक्षणात आक्षेप येऊ नये, एवढीच आमची दृष्टी होती. स्थानिक विक्रेता दहा-पंधरा टक्क्यांवर थांबे; बाहेरचा पुरवठादार पस्तीस टक्के देई. आदेश बाहेरच्यास जाई. वाचकांनी मागितलेल्या पुस्तकांपुढे मग ‘उपलब्ध नाही’ असा शेरा येई आणि त्यांच्या जागी ज्यांवर भरपूर सूट परवडते अशी पुस्तके खोक्यांतून येत. कागदावर शासनाचा पैसा वाचला होता. कपाटात मात्र न मागितलेली पुस्तके उभी होती. नियम आम्ही मोडला नाही. पण नियम पाळून जे हरवले त्याचा हिशेब कोणत्याच नोंदवहीत नव्हता.

भारतात पुस्तकाच्या किमतीला करार नाही आणि कायदाही नाही. येथे किंमत छापलेली असते, पण ती कमाल मर्यादा म्हणून. खाली कितीही उतरावे. म्हणून आपल्याकडे हा भार सर्वस्वी दुकानदाराच्या हिमतीवर आणि वाचकाच्या विवेकावर राहिला. हिमतीचे उदाहरण म्हणून मुंबईच्या ‘स्ट्रँड बुक स्टॉल’कडे पाहता येते. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली स्ट्रँड चित्रपटगृहात एका लहानशा कोपऱ्यात हे दुकान मांडले आणि पुढे ते फोर्टमध्ये नेले. त्यांचे वैशिष्ट्य सूट हेच होते. म्हणजे सूट देणे हे स्वतः पाप नव्हे. पण शानभाग ती स्वतःच्या नफ्यातून देत आणि मागची फळीही राखत. २००३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २००९ साली ते निवर्तले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दुकान बंद झाले. ‘फ्लिपकार्ट’ २००७ साली बंगळूरुत केवळ पुस्तके विकत सुरू झाली होती, आणि २०१३ च्या जूनमध्ये ‘ॲमेझॉन’ने भारतात पाऊल ठेवले तेही पुस्तके व चित्रफिती घेऊनच. या कंपन्यांनी वर्षानुवर्षे तोटा सोसून, गुंतवणूकदारांच्या पैशावर सूट दिली. पुस्तक हे त्यांचे आमिष होते. त्यामागून घड्याळे, कपडे, भांडी, सारेच आले. ज्याला केवळ पुस्तकच विकायचे होते त्याने या स्पर्धेत कोणाच्या पैशावर टिकावे? सर्वच दुकाने महाजालाने बंद पाडली असे मात्र म्हणता येणार नाही. वाढती भाडी आणि पुढच्या पिढीची अनास्था ही कारणेही तितकीच खरी आहेत.

आता आपल्या दाराशी येऊ. आमच्या लहानपणी बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजार या भागांत मराठी पुस्तके ठेवणारी दुकाने होती. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची जी उभारणी केली, तिने वाचक घडवला. त्या वाचकाच्या बळावर ही दुकाने चालली. मराठी गिऱ्हाईक विरळ होत गेले तशी मराठी फळी आखडली. हे संगणकाच्या फार आधी घडले. त्यामुळे आज महाजालावरून एखादे मराठी पुस्तक चार दिवसांत येते, तेव्हा ते आमच्यापासून काही हिरावून घेत नाही, उलट हरवलेले परत देते. बुकगंगेसारख्या संकेतस्थळांचे ऋण बृहन्महाराष्ट्रातील वाचकाने मोकळेपणाने मानले पाहिजे. टपालखात्यानेही पुस्तकांसाठीची जुनी सवलतीची सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली होती. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ या नावाने तशी सेवा पुन्हा सुरू झाली, ही समाधानाची बाब आहे.

मग निर्णय काय? आमच्या अल्पमतीप्रमाणे व्ही. पी.च्या काळातील वाटणी आजही योग्य आहे. जे गावात मिळत नाही ते दुरून मागवावे, त्यात संकोच नसावा. जे गावातील दुकानदाराने आपल्या भांडवलावर आणून ठेवले आहे ते मात्र त्याच्याकडूनच, त्याच्या भावाने घ्यावे. फळीवरचे पुस्तक चाळून, दुकानदाराशी अर्धा तास चर्चा करून, मग घरी येऊन तेच पुस्तक स्वस्तात मागवणे हा काटकसरीचा प्रकार नाही. दुसऱ्याच्या भाड्याच्या जागेचा तो फुकट वापर आहे. आणि आपल्या संस्थांच्या ग्रंथालयांनी ‘सर्वाधिक सूट’ हा एकच निकष सोडून, मागितलेले पुस्तक कोण आणून देतो हा निकष पहिला धरावा. समितीवर असताना हे आम्हाला सुचले नाही. आज समितीवर असलेल्यांना ते सुचावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

चारशे आणि तीनशे यांमधले शंभर रुपये पुस्तकाचे नसतातच. ते मागच्या फळीचे भाडे असते. ते कोणीतरी भरावेच लागते. फ्रान्समध्ये ते कायद्याने सर्वांवर बसवले; आपल्याकडे ज्याला समजले त्याने भरायचे आहे.